आवाज नेमका कधी येतो?

गॅरेजच्या दारात हा संवाद रोज होतो. गाडीचा मालक सांगतो, "चाकातून आवाज येतोय." मेकॅनिक विचारतो, "कसला?" मालक तोंडाने आवाज काढून दाखवतो: घूंऽऽ, किंवा खर्र-खर्र, किंवा टक-टक. मग मेकॅनिकचा दुसरा प्रश्न येतो, "साहेब, कधी येतो? वळताना? ब्रेक मारल्यावर? किती स्पीडला?" इथे मालक गप्प होतो. दोघं गल्लीत एक चक्कर मारून येतात. गल्लीत गाडी तीसच्या वर जात नाही, त्यामुळे आवाजही येत नाही. "काही नाही हो, असू दे सध्या," असं म्हणून गाडी परत जाते. नाहीतर अंदाजाने एखादं बेअरिंग बदललं जातं, बिल होतं आणि आवाज जसाच्या तसा राहतो.

यात मेकॅनिकचा दोष थोडा आहे. चाकाच्या आवाजाच्या निदानाला लागणारी निम्मी माहिती त्याच्याकडे नसतेच, ती गाडी चालवणाऱ्याकडे असते. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेगाने, रोजच्या वळणांवर तो आवाज त्यानेच ऐकलेला असतो, फक्त लक्ष देऊन ऐकलेला नसतो. या पुस्तिकेचा सगळा भर त्या लक्ष देण्यावर आहे. आवाजाला नाव देता आलं नाही तरी चालेल. तो कशाने वाढतो, कशाने थांबतो आणि कशाने अजिबात बदलत नाही, हे सांगता आलं पाहिजे. वेग, स्टीअरिंग, ब्रेक, रस्ता आणि गाडीतलं वजन या पाच गोष्टी आहेत. एका वेळी एकच बदलून ऐकलं, तर बहुतेक आवाज आपलं ठिकाण स्वतःच दाखवतात.

सुरुवात साध्या गणिताने करावी. भारतात सर्रास दिसणारा १८५/६५ आर १५ मापाचा टायर घेतला, तर त्याचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. ताशी २० किलोमीटर वेगाला असं चाक सेकंदाला जवळजवळ तीन फेरे घेतं आणि ताशी ६० ला साडेआठ. म्हणजे टायरच्या एकाच जागी काही बिघडलं असेल, दगड अडकला असेल किंवा फुगा आला असेल, तर ताशी २० ला टक-टक-टक असे सेकंदाला तीन ठोके ऐकू येतात आणि ते मोजता येतात. साठला तेच ठोके एकमेकांत मिसळतात आणि त्यांची घरघर होते. म्हणून ठोक्यांचा आवाज ओळखायचा तर गाडी हळू चालवावी. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. आवाज आला की वेग वाढवून बघतात आणि ठोके मोजण्याची संधी घालवतात.

चाकाचा आवाज इंजिनापासून वेगळा काढायलाही हेच तत्त्व उपयोगी पडतं. सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी वेगात असताना गिअर न्यूट्रलला टाकला की इंजिन मंद होतं, पण चाकं त्याच वेगाने फिरत राहतात. आवाज तसाच राहिला तर तो चाकांच्या बाजूचा. इंजिनाबरोबर तोही खाली आला तर शोध बॉनेटखाली घ्यावा. ही चाचणी घाटाच्या उतारावर मात्र कधीही करू नये. तिथे इंजिनाचा ब्रेक सोडून देण्याइतका धोका दुसऱ्या कशात नाही.

यानंतर रस्त्याकडे बघावं लागतं, कारण आवाज करणारी वस्तू पुष्कळदा गाडीत नसतेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि महाराष्ट्रातल्या हजारो चालकांनी पहिल्यांदाच सलग काँक्रिटवर दीर्घकाळ गाडी चालवली. आता समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरवर तोच अनुभव मिळतो. काँक्रिटचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी बनतो आणि आपल्याकडे दोन आडव्या सांध्यांमधलं अंतर साधारण साडेचार मीटर असतं. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे सहा सांधे ओलांडते. प्रत्येक सांध्यावर आधी पुढची चाकं आपटतात, मग मागची, त्यामुळे ठोके जोडीने येतात. शंभरला चाकाचे फेरे मात्र सेकंदाला चौदाच्या आसपास असतात. सहा जोड्या ऐकू येत असतील तर तो रस्ता बोलतोय, चौदा ठोके असतील तर चाक.

पाण्यावरून चाक घसरू नये म्हणून काँक्रिटच्या पृष्ठभागावर बारीक खाचा मारलेल्या असतात. त्या आडव्या आणि एकसारख्या अंतरावर असल्या की टायरमधून एकसुरी शीळ निघते. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात या आवाजाचा इतका त्रास झाला, की २००३ पासून तिथल्या काँक्रिटच्या द्रुतगती रस्त्यांवर रबरमिश्रित डांबराचा थर देण्याचा मोठा प्रयोग हाती घेण्यात आला. चालकाने यातून एक सवय लावून घ्यावी. आवाज खटकला की खालचा रस्ता बदलेपर्यंत थांबावं. काँक्रिटवरून डांबरावर गाडी उतरताच आवाजाची जात बदलली, तर बोट टायरकडे किंवा रस्त्याकडे जातं. दोन्हीकडे तीच घूंऽऽ अखंड चालू राहिली, तर बेअरिंगचा संशय घट्ट होतो. एवढ्या एका निरीक्षणाने कितीतरी चांगली बेअरिंगं फेकली जाण्यापासून वाचतील.

टायर धडधाकट असला तरी आवाज करतोच. नक्षीचा प्रत्येक ठोकळा जमिनीवर आपटतो, खाचांमधली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते आणि टायरच्या आतल्या पोकळीतली हवाही घुमते. सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर टायर एका सुरात ओरडला असता. म्हणून टायर बनवणारे ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात आणि आवाज अनेक सुरांत विखरून टाकतात. नव्या टायरची नक्षी जवळून पाहिली तर हा फरक डोळ्यांनाही दिसतो. शांत टायरच्या मागे एवढा विचार असतो. वाकडी झीज सुरू झाली की तो सगळा वाया जातो.

झिजेचे प्रकार हाताने ओळखता येतात. गाडी उभी करून तळहात टायरवरून आडवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, तर चाकांचा टो बिघडलेला आहे, म्हणजे दोन चाकांची तोंडं पुढून जरुरीपेक्षा जास्त आत किंवा बाहेर वळलेली आहेत. गॅरेजच्या भाषेत टायर "खातोय". उपाय अलाइनमेंटचा, पण तोवर उठलेल्या कडा लगेच शांत होत नाहीत. अलाइनमेंट करूनही आवाज गेला नाही अशी तक्रार घेऊन भांडायला जाणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. हात घेराच्या दिशेने फिरवताना उंच-सखल, ओंजळभर खळगे लागले, तर बहुधा शॉकअप थकलेला असतो. चाक जमिनीवर टेकून राहण्याऐवजी नाचत जातं आणि आपटेल तिथे रबर झिजतं. अशा टायरची घरघर थेट बिघडलेल्या बेअरिंगसारखी ऐकू येते, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

ही फसगत टाळायचा स्वस्त मार्ग आहे. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघावीत. आवाज मागे सरकला तर तो टायरचा, जागच्या जागी राहिला तर हबमधल्या बेअरिंगचा. गाडीची चारही चाकं एका मापाची असली की कुठल्याही टायरवाल्याकडे हे काम थोड्या वेळात होतं. बेअरिंग बदलण्याआधी हे करून बघा असं ठामपणे सांगणारी गॅरेजं कमी आहेत. जी सांगतात त्यांना धरून राहावं.

आता बेअरिंगकडे वळू. गोल फिरणाऱ्या चाकाचा आणि न फिरणाऱ्या गाडीचा सांधा म्हणजे बेअरिंग. त्याच्या इतिहासात दोन नावं ठळक आहेत. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये अमेरिकेत टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट घेतलं, कारण वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटा साध्या बेअरिंगला झेपत नव्हता. १९०७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला स्वेन विंगक्विस्टने स्वतःहून सरळ होणारं बॉल बेअरिंग काढलं आणि त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. चिंचवडमधला तिचा कारखाना पुणेकरांच्या परिचयाचा आहे. जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबमधली टेपर बेअरिंगं उघडून, धुऊन, ग्रीस भरून आणि नट बेताने कसून परत बसवत. आजच्या बहुतेक मोटारींत दोन ओळींचं बंद बेअरिंग असतं. त्यात ग्रीस भरता येत नाही, ते कसताही येत नाही. बिघडलं की बदलायचं, एवढंच हातात राहतं, म्हणून निदान चुकलं तर भुर्दंडही पुरता बसतो.

बेअरिंग एका दिवसात जात नाही. चाक खड्ड्यात जोरात आदळतं तेव्हा पोलादी गोळ्या आपल्याच मार्गावर सूक्ष्म खळी उमटवतात. त्या दिवशी काहीच ऐकू येत नाही. पुढच्या हजारो फेऱ्यांत त्या खळीच्या कडा उखडतात, बारीक कण ग्रीसमध्ये मिसळतात, आणि काही आठवड्यांनी जात्यात जाड धान्य भरडावं तशी घरघर सुरू होते. दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून, चाकाच्या मध्यापर्यंत आलेल्या पाण्यातून गाडी काढली, की गरम हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, गंज धरतो. आवाज दिवाळीच्या सुमारास येतो, तोवर जुलैतलं पाणी कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

तिसरं कारण वजन. गुस्ताफ लुंडबर्ग आणि अर्विड पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये मांडलेलं सूत्र आजही बेअरिंगचं आयुष्य काढायला वापरतात. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचं आयुष्य निम्मं न होता आठव्या हिश्शावर येतं. पाच माणसांच्या गाडीत आठ माणसं आणि वर कॅरिअरवर सामान, अशी लग्नसराई काढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कुठल्या बाजूचं बेअरिंग गेलं हे शोधायला सह्याद्रीतल्या घाटासारखी जागा नाही. खंबाटकी, ताम्हिणी, आंबा, कुठलाही घाट घ्या, डावी-उजवी वळणं लागोपाठ मिळतात. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. घूंऽऽ त्या वेळी वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर संशय डाव्या चाकावर घ्यावा. उलट झालं तर उजव्या. दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये कोणती ओळ खराब आहे यावर क्वचित हा नियम फसतो, म्हणून ती खूण समजावी आणि खात्री गाडी उचलूनच करावी. जॅकबरोबर स्टँड लावून चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना लागते. मग चाक वर-खाली धरून हलवायचं. खटखट लागली तर बेअरिंग पुरतं ढिलं झालेलं असतं, किंवा बॉल जॉइंट. नवं बेअरिंग प्रेसवर बसवणारं गॅरेज निवडावं. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगमध्ये पहिल्याच दिवशी खळ्या पडतात.

वळताना येणारा आणखी एक आवाज बेअरिंगहून अगदी वेगळा असतो. स्टीअरिंग पूर्ण कापून गाडी हळू पुढे घेताना कट-कट-कट असं वाजलं, तर तो पुढच्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. फोर्डमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड झेपा या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा हा सहा गोळ्यांचा सांधा १९२०च्या दशकातला. चाक वळलेलं असतानाही त्याला एकसारख्या वेगाने फिरवत ठेवणं हे त्याचं काम. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीची मागची चाकं गाडी ढकलत, त्यामुळे तिच्या पुढच्या चाकांना या सांध्याची गरज नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये पुढच्या चाकांवर चालणारी मारुती ८०० आली आणि पद्मिनी-ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या गॅरेजांना हा नवा आवाज शिकावा लागला. मूळ रोग गोळ्यांना बहुधा नसतोच. त्यांच्यावरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, धूळ शिरते, आणि मग कट-कट सुरू होते. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले तेव्हाच बूट बदललं असतं, तर अख्खा एक्सल वाचला असता.

ब्रेकबद्दल थोडक्यात. अनेक पॅडना मुद्दाम एक पत्री जीभ दिलेली असते. पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासते आणि बारीक कुईऽऽ सुरू होते. ब्रेक दाबल्यावर हा आवाज बदलतो किंवा थांबतो, त्यावरून तो ओळखावा. ही कुईऽऽ दुर्लक्षिली की लोखंडावर लोखंड खरडण्याचा आवाज येतो, आणि पॅडबरोबर डिस्कही जाते. कोकणात पावसाळ्यातल्या सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारी खरखर मात्र निरुपद्रवी असते. रात्रीत डिस्कवर धरलेला गंज त्याने निघून जातो.

काही आवाज इतके भयंकर असतात की माणूस गाडी तिथेच सोडून द्यायला तयार होतो, आणि कारण निघतं एक खडा. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्या फटीत खडी अडकली की कानठळ्या बसवणारी किंचाळी येते. गाडी थोडी मागे घेतली की पुष्कळदा ती पडून जाते. सैल व्हील कॅप, लोंबणारा मडफ्लॅप, चाकाच्या वरचं प्लास्टिकचं अस्तर, नक्षीत रुतलेला दगड, हे सगळं बेअरिंगच्या आधी पाहून घ्यावं. त्याला पैसे लागत नाहीत.

आवाजाची दिशा ठरवताना चालकाच्या कानावर फार विसंबू नये. पत्र्यातून आणि सबफ्रेममधून आवाज कुठून कुठे पोचतो. मागच्या टायरची घरघर पुढून आल्यासारखी वाटणं नेहमीचं आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या चाकांचे आवाज त्याला मोठे वाटतात. एक माणूस मागच्या सीटवर बसवून दोघांनी वेगवेगळं ऐकावं. जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हबवर आणि मूठ कानाला लावून ऐकत, अजूनही ऐकतात, आणि ती पद्धत शास्त्राला धरून आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून असलेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत वाहनांच्या आवाजाच्या आणि कंपनांच्या चाचण्यांसाठी खास प्रयोगशाळा आहेत. तिथे संवेदक आणि संगणक लावून जे मोजलं जातं, त्याची सुरुवातही फिटरच्या त्याच प्रश्नापासून होते: किती वेगाला, कशावर, कुठल्या भाराखाली?

विजेच्या गाड्यांनी या विषयाला नवी निकड आणली आहे. इंजिनाचा आवाज गेला, म्हणून टायरचा उघडा पडला. बॅटरीमुळे वजन वाढलं, म्हणून टायर आणि बेअरिंग यांच्यावरचा भारही वाढला. टायरच्या पोकळीतली हवा सेकंदाला साधारण २०० ते २५० वेळा कंप पावते. तो पोकळ घुमार दाबण्यासाठी काही टायरांना आतून फोमचा थर चिकटवलेला असतो. अशा टायरचं पंक्चर काढण्याआधी पंक्चरवाल्याला हे सांगावं, कारण ठिगळ लावायचं तर तेवढ्या भागातला फोम आधी काढावा लागतो.

थांबायला लावणारे आवाज मोजके आहेत, पण त्यांच्या बाबतीत घरी पोचू, मग बघू, असं म्हणू नये. हळू वेगात थप-थप-थप येतंय आणि स्टीअरिंग डुलतंय, म्हणजे टायरच्या बाजूला फुगा आलाय किंवा नक्षीचा पट्टा आतल्या थरांपासून सुटू लागलाय. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले ते पट्टा सुटण्याच्या याच दोषामुळे. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना लावलेले होते आणि त्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसं गेली. पट्टा सुटण्याआधी पुष्कळदा ठोके आणि थरथर जाणवते. तेवढीच संधी असते, आणि समृद्धीवर ताशी १२० ला ती फार थोडी असते. वेग हळूहळू कमी करून गाडी बाजूला घ्यावी, ब्रेकवर उभं राहू नये, आणि स्टेपनी लावावी.

दुसरा आवाज ढिल्या नटांचा. कमी वेगाला खट-खट येते, वेग वाढला की कधीकधी ती दबते, आणि चालकाला वाटतं बरं झालं. टायर बदलल्यानंतर, पंक्चर काढल्यानंतर, चाकं पुढे-मागे केल्यानंतर हा आवाज आला तर शंका घेत बसू नये. तिथेच थांबून पाना लावावा, नट एकाआड एक कसावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा कसून घ्यावेत.